शांतता बायांनी आणली, करार कुणी केले?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषण)

आज मी लायबेरियाबद्दल बोलणार आहे. पश्चिम आफ्रिकेतला हा देश आपल्याला दूरचा वाटतो. पण २००७ ते २०१६ या काळात आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या महिलांच्या तुकड्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत तिथे काम करत होत्या.

१९८९ ते २००३, मधली थोडी वर्षं सोडली तर, तिथे यादवी चालली. सुमारे अडीच लाख माणसं मेली. २००३ मध्ये ख्रिस्ती आणि मुसलमान बाया पांढरे कपडे घालून राजधानी मनरोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ रोज ठाण मांडून बसू लागल्या. घानातल्या वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा लेमा बोवी आणि तिच्या सोबतिणींनी सभागृहाचं दारच अडवलं. ऑगस्टमध्ये तह झाला. २००५ मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या, आफ्रिकेतल्या पहिल्या लोकनियुक्त स्त्री राष्ट्राध्यक्ष. त्या दिवशी आम्ही इथे पेढे वाटले होते!

पण त्यांच्या हाती आलं काय? राजधानीत सरकारी वीज नाही, नळाला पाणी नाही. वर्षाचा सरकारी खर्च सुमारे ८ कोटी डॉलर आणि डोक्यावर कर्ज साडेचारशे कोटी डॉलरांहून जास्त. अडला हरी, म्हणतात ना, तशी गत. अशा वेळी परकी भांडवल दारात येतं आणि अटीही तेच घालतं.

हे तिथे नवं नव्हतं. १९२६ मध्ये फायरस्टोन कंपनीला रबरासाठी १० लाख एकर जमीन ९९ वर्षांच्या कराराने देऊ केली गेली, भाडं एकरी ६ सेंट. युद्धानंतर हंगामी सरकारने २००५ मध्ये लोहखनिजासाठी मित्तल स्टीलशी करार केला. त्यात कंपनीला करमाफी होती, शिवाय रेल्वे आणि बुकॅनन बंदरही तिच्याच ताब्यात जाणार होतं. सरलीफबाईंनी २००६ मध्ये तो करार पुन्हा चर्चेला घेतला आणि देशाच्या बाजूने बदलून घेतला. गरीब सरकारलाही नाही म्हणता येतं, हे त्यांनी दाखवलं. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पण त्यांच्याच काळात, २००९ मध्ये, मलेशियाच्या सायम डार्बी कंपनीला पामतेलासाठी दोन लाख हेक्टरांहून जास्त जमीन ६३ वर्षांसाठी दिली गेली. कागदावर ती सरकारची होती. प्रत्यक्षात तिथे पिढ्यान्‌पिढ्या गावं नांदत होती, बाया भात आणि कसावा पिकवत होत्या. शेतं गेली, पूर्वजांच्या कबरी गेल्या, अशी तक्रार गावकऱ्यांनी २०११ मध्ये केली. २०२० मध्ये कंपनी मळा दुसऱ्याला देऊन निघून गेली.

कुणी विचारेल, मग गुंतवणूक नकोच का? हवी. रस्ते, दवाखाने, रोजगार नुसत्या घोषणांनी उभे राहत नाहीत. पण करार करताना शेत कसणारीला विचारलं का, हा माझा सवाल आहे. दार अडवून तह घडवणाऱ्या बायांना करारांच्या टेबलाशी कुणी बोलावलं नाही.

२०११ मध्ये सरलीफ आणि बोवी या दोघींनाही नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी बोवीने सरलीफ सरकारवर उघड टीका केली आणि समेट आयोगाचं पद सोडलं. मला हे फार मोलाचं वाटतं. आपली बाई खुर्चीवर बसली की आपण सैल पडतो, तिला प्रश्न विचारणं म्हणजे फितुरी वाटते. पेढे वाटणाऱ्या आम्हीही तशाच होतो.

तिथल्या संघटना सैल पडल्या नाहीत. २०१८ मध्ये जमीन-हक्काचा कायदा झाला. परंपरेने कसलेली जमीन गावाची, हे मान्य झालं. ती सांभाळणाऱ्या समितीत स्त्रिया, पुरुष आणि तरुण यांना समान प्रतिनिधित्व मिळालं. कायदा कागदावर आला, आता तो गावागावांत उतरवणं हे मोठं काम आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या गावातही उद्या कुणी विकासाचा कागद घेऊन आलं, तर सही कोण करतंय एवढंच पाहू नका. तो कागद आधी चावडीवर मोठ्याने वाचून घ्या. आणि तो ऐकायला सगळ्या बाया हजर आहेत की नाहीत, हे मोजा.