एकवीस हजारांची रेघ

पदवीधर मुलामुलींनो,

येत्या काही महिन्यांत तुमच्यापैकी काहींच्या हातात पहिली पगारपत्रिका पडेल. वाणिज्य शाखेवाले ती ओळीओळीनं वाचतील, बाकीचे थेट शेवटच्या आकड्यावर जातील. काहींच्या पत्रिकेत मध्ये कुठेतरी ‘पी.टी.’ असं लिहून दोनशे रुपये कापलेले असतील आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे २,५००. हा व्यवसाय कर. इथल्या कापडाच्या व्यापाऱ्यांनाही तो चुकत नाही, त्यामुळे नागपूरच्या या गांधीबागेत त्याच्याबद्दल कोणी गोड बोलत नाही. पण तो आला कुठून, हे त्याला नावं ठेवण्याआधी ऐकून घ्या.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या विसापूर भागात एक कल्पना मांडली. अंगमेहनतीचं काम मागेल त्याला सरकारनं काम द्यायचंच. १९७२ च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर पोचली. मग प्रश्न आला पैशांचा. महाराष्ट्रानं १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला आणि तो खेड्यातल्या मजुरीसाठी लावला. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. उपासमार कोणाची आणि ती थांबवायला खिसा कोणाचा, हे एका राज्यानं कायद्यात लिहून ठेवलं. देशाला तिथवर यायला २००५ उजाडलं.

मुलांच्या गरिबीबाबत असा निर्णय आपण आजवर घेतलेला नाही. योजना पुष्कळ आहेत. त्यातल्या अनेकींच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या, कारण माझी नोकरी महिला व बालविकासाच्या कामात, म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला, सरली. त्या योजना मोजून दाखवायला मी आलेले नाही. मला एवढंच सांगायचं आहे की त्यातल्या बहुतेक योजना मुलाला मूल म्हणून ओळखतच नाहीत. आधी बापाचं उत्पन्न, आईचं बाळंतपण कितवं, रेशनकार्डाचा रंग, फोन कोणाच्या नावावर. एवढ्या चाळण्यांतून जे खाली पडेल ते मुलाचं.

परिणाम बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुरटलेली निघाली. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ३४.४ होता. उंचीच्या मानानं वाळलेली मुलं २५.६ टक्के, देशाची सरासरी १९.३. देशाच्या उत्पन्नात सगळ्यात मोठा वाटा उचलणारं राज्य या एका रकान्यात देशाच्या मागे आहे. मेळघाट, गडचिरोली म्हणून हा विषय नकाशाच्या कडेला ढकलायची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात तो या मांडवापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

गांधीबागेत डागा स्मृती स्त्री रुग्णालय आहे. तुमच्यापैकी काहींचा जन्मही तिथलाच असेल. नागपूरच्या वस्त्यांतल्या बाया तिथं बाळंत होतात. सरकारला गरीब मूल शोधायला कुठे जावं लागत नाही. ते सरकारच्याच खाटेवर, सरकारी डॉक्टरच्या हातात जन्माला येतं. जन्माची नोंद होते. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्मनोंदणी कायद्यातल्या दुरुस्तीनं तर त्यानंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पुढच्या कामांचा मुख्य पुरावा झाला. म्हणजे पहिल्याच दिवशी सरकारला बाळाचं सगळं माहीत असतं. आणि तरी दुसऱ्या दिवसापासून त्याची आई तीच माहिती वेगवेगळ्या खिडक्यांवर, वेगवेगळ्या फॉर्मांत, पुन्हा पुन्हा भरत हिंडते.

मातृत्वाच्या पैशांचंच घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये असं लिहिलं आहे. कितव्या मुलासाठी, हे तिथं लिहिलेलं नाही. २०१७ मध्ये प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा त्याचे पाच हजार झाले आणि तेही पहिल्या जिवंत अपत्यापुरते. पुढे दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर सहा हजार, अशी सवलत मिळाली. दुसऱ्या वेळी मुलगा झाला तर? त्या बाळाला भूक कमी लागते असं कोणी सिद्ध केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाळंतिणीचा भार सरकारनं सोसावा हा विचार आपल्याकडे नवा नाही, हे सांगायला नागपूरइतकी योग्य जागा नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. बाळंतपणाच्या आगेमागे बाईला विसावा मिळणं हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचं आहे आणि म्हणून त्याचा बराचसा भार सरकारनंच सोसायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ ला मुंबई प्रांतात कायदा झाला आणि १९३० ला आपल्या मध्य प्रांतात. तेव्हा एम्प्रेस मिलचा भोंगा वाजत होता. तिथं आता मॉल आहे. तो कायदा कारखान्यातल्या बाईसाठी होता. आज घरी बसून साड्यांना फॉल-पिको करणाऱ्या, नगावर पैसे घेणाऱ्या बाईला मालक कोण हेच दाखवता येत नाही. दहा माणसांच्या आतल्या दुकानाला प्रसूती लाभाचा कायदा लागत नाही, आणि पाळणाघराची सक्ती पन्नास माणसांपासून पुढे. गांधीबागेतल्या किती पेढ्यांवर पन्नास माणसं आहेत, हे मला तुम्ही सांगा.

पोरांच्या संख्येवर मदत अडवायची खोड फक्त आपली नाही. ब्रिटननं २०१७ मध्ये तिसऱ्या मुलापासून पुढची मदत बंद केली. गरिबांनी मुलं कमी जन्माला घालावीत हा हिशेब. मुलं जन्मायची ती जन्मली, फक्त जास्त गरीब घरात वाढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं तो नियम काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेचा दाखला याहून बोलका आहे. २०२१ मध्ये सहा महिने तिथं बहुतेक कुटुंबांना दरमहा मुलामागे अडीचशे-तीनशे डॉलर मिळाले, आणि ज्यांची कमाई कर भरण्याइतकीही नव्हती त्यांनाही मिळाले. त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली. पैसे बंद झाले, पुढच्या वर्षी १२.४. त्या बारा महिन्यांत आईबाप काही आळशी झाले नव्हते. बदलला होता तो सरकारचा निर्णय.

आता रेशन. पुरवठा खात्यात ‘इष्टांक’ हा शब्द तुम्हाला रोज ऐकू येईल. राज्यात किती माणसांना अन्नसुरक्षेचं धान्य द्यायचं, त्याची ही कमाल संख्या. महाराष्ट्रासाठी ती सुमारे ७ कोटी, त्यात शहरी लोकसंख्येचे ४५.३४ टक्के, आणि ती बेतली आहे २०११ च्या जनगणनेवर. पुढची जनगणना २०२७ ला. म्हणजे मार्च २०११ नंतर या देशात जन्मलेलं एकही मूल आजवर कोणत्याही जनगणनेत मोजलेलं नाही. आई कार्डावर बाळाचं नाव चढवायला जाते, नाव चढतंही, पण त्याचं पाच किलो सुरू होईलच असं नाही. ‘इष्टांक फुल्ल आहे, कोणी कमी झालं की बघू.’ कोणी कमी होणं म्हणजे काय, हे ती बाई घरी जाताना समजून घेते.

‘लेक लाडकी’ योजना मला मनापासून आवडते, म्हणून तिच्यावरच जरा जास्त बोलते. १ एप्रिल २०२३ पासून पिवळ्या किंवा केशरी कार्डाच्या घरात मुलगी झाली की ५,००० रुपये. पहिलीत गेली की ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण एक लाख एक हजार. शुभकार्याच्या पाकिटासारखा वरचा एकही ठेवला आहे! पण वाणिज्यच्या मुलांनो, हा ताळेबंद नीट वाचा. चारात तीन रुपये मिळतात ते बालपण संपल्यावर. जन्म ते पहिली या सहा वर्षांत, जेव्हा मेंदू आणि हाडं घडत असतात, तेव्हा सुरुवातीचे पाच हजार. त्यांना सहा वर्षांनी भागा, महिन्याचे सत्तर रुपयेसुद्धा होत नाहीत. मोठी रक्कम अठराव्या वर्षी ठेवण्यामागे बालविवाह लांबवण्याचा हेतू आहे आणि तो खोटा नाही. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोविशीतल्या २१.९ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. तरीही खुरटणं बहुतांशी दोन वर्षांच्या आत होतं. ते अठराव्या वर्षीच्या धनादेशानं भरून येत नाही.

आणि आता ती रेघ. संजय गांधी निराधार अनुदान योजना. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, ज्यांना कोणी नाही अशांसाठी. दिव्यांग सोडून बाकीच्यांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षं २१,००० रुपये राहिली. रोजचे साठ रुपये मिळाले की माणूस निराधार उरत नाही. याच राज्यानं २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आणली तेव्हा मर्यादा ठेवली अडीच लाख. दोन्हीकडे तेव्हा दरमहा पंधराशेच रुपये. फक्त जिचा नवरा मेला आहे आणि जिच्या पदरात दोन लेकरं आहेत तिनं तहसीलदाराचा एकवीस हजारांचा दाखला आणायचा.

एका कार्यालयात अशी एक बाई माझ्या समोर बसली होती. नवरा कापडाच्या गाठी वाहायचा. स्वतः धुणीभांडी करायची. पिशवीत सगळे कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, मृत्यूदाखल्याच्या तर पाच झेरॉक्स. फॉर्मवर उत्पन्नाच्या रकान्याशी येऊन तिचा पेन थांबला. म्हणाली, ‘‘मॅडमजी, खरं सांगतलं तं भेटत नाई, खोटं सांगतलं तं भेटते. मंग काय लिहू मी?’’ आजूबाजूचे सगळे हसले. एवढी वर्षं लाभार्थी खोटं बोलतात अशी तक्रार आम्ही बैठकीत करतो, आणि ते खोटं छापील नमुन्यात आम्हीच मागतो. तिच्या मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा मुलामागे २,२५० रुपये मिळू शकतात, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यासाठी कार्यालय वेगळं, नमुना वेगळा, गृहभेट, मग बालकल्याण समितीचा आदेश.

व्यापारी मित्र मला हटकून विचारतात, मॅडम, पैसा कुठून आणायचा? २०२४ मध्ये सरकारनं ‘लाडकी बहीण’साठी वर्षाला ४६,००० कोटी जाहीर केले. तेव्हा हा प्रश्न कोणाला अडला नाही, कारण त्या बायांना मत आहे. सहा वर्षांच्या पोराला मत नाही. म्हणून २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरतं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा निधी काढून घेतला जातो. तमिळनाडूत मुलांना ते शाळेच्या जवळजवळ रोजच्या जेवणात मिळतं. दुसरा आक्षेप असा की बाप पैसे दारूत उडवतो. काही उडवतात. मग आईच्या खात्यात द्या, धान्यात द्या, अंड्यात द्या. पण दारुड्याच्या मुलाला उपाशी ठेवून बापाला शिक्षा होते, हे तर्कशास्त्र मला कधी कळलं नाही.

अंगणवाडीबद्दल थोडक्यात. १९७५ पासून उभी असलेली ही एकमेव यंत्रणा अशी आहे जी आधी मूल बघते, मग कागद. तिच्यावर आता चेहरा पडताळणी आणि ओटीपी आला आहे. घरी न्यायच्या आहाराचं पाकीट समोर, बाळ कडेवर, आणि ओटीपी गेलेला असतो कामावर असलेल्या नवऱ्याच्या फोनवर. डिसेंबर २०२३ मध्ये मानधनासाठी सेविका-मदतनिसांनी सुरू केलेला संप पन्नास दिवसांवर चालला. त्या काळात किती जणांच्या घरात ती बातमी पोचली?

तुमच्यातले काही बँकेत बसतील, काही सीए होतील, काही स्पर्धा परीक्षा देऊन त्याच खिडकीच्या आत येतील जिथून मी बाहेर पडले. काही दुकान सांभाळतील आणि त्यांच्या दुकानात गाठी उचलणाऱ्याची पोरं असतील. मी कोणाला समाजसेवेला लागा म्हणत नाही. हिशेबाचं काम सांगते, ते तुम्हाला येतं. उत्पन्नाची मर्यादा महागाईशी जोडली तर किती घरं वाढतील आणि किती कोटी लागतील, हे काढा. ‘लेक लाडकी’चे पंचाहत्तर हजार पहिल्या सहा वर्षांत दरमहा वाटले तर मुलीमागे हजाराच्या वर पडतात, त्याचा आईच्या हातात काय फरक पडेल, वस्तीत जाऊन विचारा. डागा रुग्णालयातून घरी जाणाऱ्या बाळाचा जन्मदाखला, रेशनवरचं नाव, आईचे पैसे आणि अंगणवाडीची नोंद एकाच टेबलावर व्हायला अडतं कुठे, हे माहितीच्या अधिकारात मागा.

आणि डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन आपल्याच गावात असतं. साऱ्या महाराष्ट्राचे मोर्चे इथं येतात आणि आपण रस्ता बंद आहे म्हणून वैतागतो. या वर्षी आकडेमोड घेऊन आमदारांकडे जा आणि एक तारांकित प्रश्न लावायला सांगा: निराधाराची व्याख्या रोजच्या साठ रुपयांवर कोणत्या आधारानं ठरली, आणि ती बदलायला कोणाची सही लागते? उत्तर छापील मिळतं. ते आलं की मला एक प्रत पाठवा.