वेदनेच्या वाटेवर गवसलेली श्रद्धा
(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात रिसोड येथे एका विशेष शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा सारांश)



बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शर्टाची गुंडी लावायला शिकवणारी मी एक शिक्षिका. आम्ही त्या एका कृतीचे लहान लहान टप्पे करतो. शेवटचा टप्पा मुलाकडून आधी करून घेतो, म्हणजे काम पूर्ण केल्याचा आनंद त्याला पहिल्याच दिवशी मिळतो. हीच रीत एक दिवस मला स्वतःसाठी लागेल, असे कधी वाटले नव्हते.

२००९ साली मला स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. भेटीस आलेले एक परिचित हळहळून म्हणाले, "पूर्वकर्माचा उदय, दुसरे काय!" हे वाक्य माझ्या वर्गातील मुलांच्या आयांनी कितीदा तरी ऐकलेले होते. खरे सांगते, त्यांतील एका मातेला सांत्वन म्हणून मीही ते ऐकवले होते. ते किती बोचते, हे त्या दिवशी कळले.

असातावेदनीय कर्माचा उदय मी मानते. परंतु कर्मसिद्धान्त स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्याचा अधिकार तो आपल्याला देत नाही. सम्यक्त्वाच्या लक्षणांत अनुकंपेला स्थान आहे, हे आपण विसरतो.

उपचारांसाठी अकोल्याला जाताना वाटेत शिरपूर लागे. अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर १९८१ पासून बंद होते. झरोक्यातूनच दर्शन घ्यावे लागे. २०२३ साली ते दार उघडले. पण त्या दिवसांत तेवढ्याशा झरोक्यातून झालेले दर्शनही मला पुढच्या प्रवासाला पुरत असे.

केमोथेरपीने केस गेले तेव्हा मी आरसा झाकून ठेवला. मग केशलोच करणाऱ्या साध्वीजी आठवल्या. त्यांचा तो त्याग, माझी ती लाचारी. तरीही देहावरची आसक्ती किती घट्ट असते, ते मला दिसले. कर्मनिर्जरेसाठी उपवास करण्याचा माझा हट्ट होता. महाराजसाहेबांनी पच्चक्खाण देण्याचे नाकारले. "प्रत्याख्यानातही समाधीसाठी आगार आहे. आता वेळेवर औषध आणि अन्न घेणे हाच तुमचा नियम," असे ते म्हणाले.

एका मैत्रिणीने रेकी शिकवली. जपानमधील मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केलेली ही हस्तस्पर्शाची पद्धती. पुढे आचार्य महाप्रज्ञांनी १९७५ साली प्रवर्तित केलेल्या प्रेक्षाध्यानातील श्वासप्रेक्षा आणि कायोत्सर्ग शिकले. रोगाच्या वेदनेचे सतत चिंतन म्हणजे आर्तध्यान; त्यातून मन सोडवण्यास या साधनेने हात दिला. झोप येऊ लागली, सुईची भीती ओसरली.

येथे एक कबुली द्यायला हवी. तिसऱ्या केमोनंतर "आता ऊर्जेनेच बरे होऊ" असा मोह मला झाला होता. बंधू-भगिनींनो, अशा उपचाराने मनाला विसावा मिळतो; कर्करोग बरा होतो, याला पुरावा नाही. मला मोहातून बाहेर काढले ते माझ्याच मुलांच्या गुंडीने. उरलेल्या केमो मी मोजल्या नाहीत. आज फक्त बसमध्ये चढायचे, आज फक्त हात पुढे करायचा, असे टप्पे केले. शस्त्रक्रिया, औषधे आणि डॉक्टर यांनी रोगावर उपचार केले. श्रद्धेने ते उपचार शेवटपर्यंत घेण्याचे बळ दिले.

उपचार संपल्यावर मी त्या मातेच्या घरी गेले आणि हात जोडून क्षमा मागितली. ती काही बोलली नाही; नुसता माझा हात धरून बसली. थंडीचे दिवस होते आणि शस्त्रक्रियेनंतर माझा हात नीट वळत नव्हता. तिच्या मुलाने माझ्या स्वेटरची उघडी गुंडी पाहिली. तो जवळ आला आणि बराच वेळ खटपट करून त्याने ती लावली.

आपल्या संस्थेच्या पन्नाशीनिमित्त दोनच विनंत्या करते. भगिनींनो, गाठ जाणवली तर लाजेपायी लपवू नका, त्वरित डॉक्टरांना दाखवा. आणि कोणाच्या घरी रुग्ण असो वा विशेष मूल, तेथे कर्माचा हिशेब सांगू नका. थोडा वेळ जवळ बसा.

बोलण्यात काही अविनय झाला असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!