मॉरिशस : बीडच्या पाचव्या हिश्श्याएवढा देश

तेलगावातून बोलतोय. आजचा भाग मॉरिशसवर.

हनिमूनचे रील बघून आपल्याला वाटतं, निळं पाणी, पांढरी वाळू, संपला विषय. मलाही तसंच वाटायचं. पण वाचायला बसलो आणि जिकडंतिकडं ऊसच निघाला.

आधी नकाशा. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर, तिथून आणखी साधारण ८०० किलोमीटर पुढं हिंदी महासागरात हे बेट. देशाचं क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. आपल्या बीड जिल्ह्यात असे पाच मॉरिशस बसतात! लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, राजधानी पोर्ट लुई. बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, म्हणजे दगड आपल्यासारखाच काळा बसाल्ट. भोवती प्रवाळाची भिंत. लाटा तिच्यावरच फुटतात, म्हणून किनाऱ्याचं पाणी शांत.

आता ऊस. डचांनी तो १६३९ मध्ये तिथं नेला. फ्रेंचांनी गुलामांकडून मळे वाढवले. इंग्रजांच्या काळात, १८३५ मध्ये गुलामी संपली, पण ऊस कुणी तोडायचा? मग भारतातून करारावर माणसं नेली. साधारण साडेचार लाख! ‘अ‍ॅग्रीमेंट’चं झालं ‘गिरमिट’. बहुतेक जण बिहारकडचे, पण मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसंही गेली. आजही तिथं शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते.

पगार महिना पाच रुपये. आणि एक दिवस कामावर नाही गेलं, तर दोन दिवसांची मजुरी कापायची. हे वाचून मी थांबलोच. अहो, हा तर आपला खाडा! आपल्याकडं कोयत्यावर गेलेल्या जोडीचा एक दिवस चुकला की मजुरी जातेच, वर दंडही धरतात. तिकडं गिरमिट, इकडं मुकादमाची उचल. तिकडची गोष्ट इतिहासात गेली. आपली चालूच आहे.

मग मॉरिशस यातून बाहेर कसा पडला? देश १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे गिरमिटियाचेच चिरंजीव. तेव्हा निर्यात म्हणजे जवळपास फक्त साखर. १९७० मध्ये निर्यातीसाठी खास सवलतींचा कायदा केला, कपड्यांचे कारखाने आले, हजारो बायकांना पगार मिळू लागला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत. पुढं पर्यटन आणि बँकिंग वाढलं. ऊस सोडला नाही, त्याच्या बगॅसपासून वीजही बनवतात. फक्त सगळं घर एकट्या उसावर ठेवलं नाही.

पर्यटनालाही धोका आहेच. २०१८ मध्ये जवळपास १४ लाख पर्यटक आले, म्हणजे लोकसंख्येपेक्षा जास्त. २०२० मध्ये कोरोनानं सीमा बंद झाल्या आणि त्याच जुलैत ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर आदळलं आणि पुढं त्यातलं तेल समुद्रात सांडलं. एकाच गोष्टीवर भिस्त ठेवली की असं होतं, मग ती साखर असो की समुद्र.

कधी गेलात तर शामारेलची सात रंगांची माती बघा, गंगा तलाव बघा. पण पोर्ट लुईचा आप्रवासी घाट चुकवू नका. बोटीतून उतरलेली माणसं याच घाटाच्या पायऱ्या चढून आली. २००६ पासून ती जागा युनेस्कोच्या यादीत आहे. मजुरांच्या नोंदी, काहींचे फोटोसुद्धा त्या देशानं जपलेत. पणतू येऊन पणजोबाचं गाव शोधतो.

आपल्या तेलगावात साखर कारखाना आहे, तरी दसरा-दिवाळी झाली की आसपासच्या गावांतून पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं ट्रॅक्टर भरून माणसं जातातच. सोबत शाळेतली लेकरंही जातात. मॉरिशसमध्ये मजुराची पोरं शाळेत टिकली, तिथून पुढचं बदललं. आपल्याकडं निदान ट्रॅक्टरमध्ये बसणारं लेकरू शाळेत राहील, एवढं तरी बघूया.

तुमच्या घरातलं कुणी तोडीला गेलं असेल, तर त्यांना हा भाग नक्की ऐकवा. भेटूया पुढच्या भागात. राम राम!