पन्ह्याचे माप आणि सुडोची परवानगी

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आजच्या प्रदर्शनात दोन दालने शेजारी शेजारी आहेत. एका दालनात सहावीच्या मुलांनी पन्हे, सोलकढी, मठ्ठा आणि आपल्या महाकोशलातील सत्तूचे सरबत मांडले आहे. दुसऱ्यात नववीची मुले लिनक्स संगणकावर आज्ञा लिहून दाखवीत आहेत. एका पालकांनी मला गंभीरपणे विचारले, "मुलांच्या हाती संगणकाचा सर्वाधिकार देणे योग्य आहे का?" मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या दालनात सापडते.

आपली मराठी कुटुंबे जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९५६ पर्यंत तर नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आपण कैरी उकडून, गूळ आणि वेलची घालून पन्हे करतो. शेजारच्या घरी कैरी निखाऱ्यात भाजून, जिरे, पुदिना आणि काळे मीठ घालून 'पना' करतात. आपल्या घरांत आता दोन्ही होतात. पण ही पेये घरातील मुलांना कशी आली? प्रथम कैरीचा गर काढणे, मग गूळ किसणे आणि पुष्कळ दिवसांनी मीठ-गुळाचे माप. माप शेवटी हाती येई, कारण तेथील चूक साऱ्या पातेल्याला भोवते. सोलकढीचेही तसेच. आमसुलाचे आगळ आणि नारळाचे दूध एकत्र करून उकळी आणली, तर ती फाटते आणि फाटलेली सोलकढी पुन्हा सांधता येत नाही.

युनिक्स आणि लिनक्समध्ये 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला काहीही पुसता येते आणि पुसलेले बहुधा परत येत नाही. म्हणून १९८० च्या सुमारास अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील संगणक विभागात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी 'सुडो' ही आज्ञा तयार केली. तिचे मर्म साधे आहे. ज्याचे नाव अनुमतीच्या यादीत आहे, त्यानेच ती वापरावी. कामापुरताच अधिकार घ्यावा. रूटचा परवलीचा शब्द न मागता स्वतःचाच द्यावा. कोणी, केव्हा, कोणती आज्ञा दिली याची नोंद राहते. यादीत नाव नसेल तर विनंती नाकारली जाते आणि त्या प्रयत्नाचीही नोंद होते. उबुंटूसारख्या प्रणालीत तर रूटचे खाते मुळात कुलूपबंदच असते.

पालकहो, आपल्या स्वयंपाकघराचा आणि या आज्ञेचा न्याय एकच आहे. सर्व किल्ल्या एकदम हाती देणे हा विश्वास नव्हे, हयगय आहे; आणि एकही किल्ली न देणे हे प्रेम नव्हे, भीती आहे. जो मुलगा कधीच माप घेत नाही, तो परदेशी गेल्यावर पन्ह्याची बाटली विकत घेईल. ज्या मुलीला आज्ञा लिहू दिलीच नाही, ती संगणकासमोर आयुष्यभर दुसऱ्याची परवानगी मागत राहील.

नववीची ही मुले सुडोचा अर्थ मराठीतून समजावून सांगतात. आज्ञेची अक्षरे रोमन असली, तरी ती केव्हा द्यावी आणि केव्हा देऊ नये, हा विवेक मातृभाषेतून खोलवर रुजतो. मराठी माध्यमाने मुले मागे पडतील, या शंकेने शाळा बदलू पाहणाऱ्या पालकांनी त्या दालनात पाच मिनिटे उभे राहावे.

माझी विनंती एवढीच की, या उन्हाळ्यात घरच्या पन्ह्याचे माप मुलांना ठरवू द्या. पहिल्या दिवशी ते आंबट होईल. तेही आनंदाने प्या. आणि दोन्ही दालने पाहिल्याखेरीज आज कोणीही घरी जाऊ नये.