बालकाचा कान आणि तेलाची वाटी



मराठी घरातील तान्ह्या बाळाच्या न्हाणीचा एक ठरलेला क्रम असतो. अंगाला तेल, टाळूवर तेल आणि अखेरीस नाकात व कानांत दोन-दोन थेंब. पुढे हेच मूल तीन-चार वर्षांचे होते आणि एखाद्या रात्री कान धरून रडू लागते, तेव्हा तीच वाटी पुन्हा विस्तवावर चढते. तेलात लसणाच्या दोन पाकळ्या तळल्या जातात आणि कोमट थेंब कानात पडतात. या उपचारामागे माया आहे आणि पिढ्यांचा अनुभवही आहे. परंतु कोणत्या कानात तेल घालावे आणि कोणत्या कानात चुकूनही घालू नये, हे तारतम्य मात्र वाटेत कुठेतरी गळून पडले आहे. ते आपल्या पूर्वसूरींजवळ निश्चितपणे होते.

काश्यपसंहिता हा बालरोगांवरील आपला प्राचीन ग्रंथ. नेपाळमध्ये मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून तो १९३८ साली मुद्रित झाला. बोलता न येणाऱ्या बालकाला कोठे दुखते हे कसे ओळखावे, यासाठी त्यात ‘वेदनाध्याय’ नावाचा स्वतंत्र अध्यायच आहे. मूल हातांनी कानांना स्पर्श करते, डोके सारखे हलवते, अस्वस्थ असते, खात नाही, झोपत नाही. अशा वेळी त्याचा कान दुखतो आहे असे जाणावे, असे त्यात सांगितले आहे. आजचा बालरोगतज्ज्ञ आईला जवळजवळ हेच प्रश्न विचारतो. निदानाचा आरंभ निरीक्षणाने व्हावा, ही दृष्टी त्या ग्रंथाने किती पूर्वी दिली होती!

मुलांचेच कान एवढे का दुखतात? घशाचा वरचा भाग आणि मध्यकर्ण यांना जोडणारी एक नलिका असते. मोठ्या माणसात ती लांब व उतरती असते, तर लहान मुलात आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दी झाली की नलिकेला सूज येते, मध्यकर्णात द्रव साचतो आणि त्यात जंतू वाढले की पडदा आतून ताणला जातो. ठणका लागतो तो या ताणामुळे. सहा महिने ते दोन वर्षे या वयात हा विकार सर्वाधिक आढळतो. याचा अर्थ असा की, मुलाच्या कानदुखीचे मूळ बहुतांशी नाकात आणि घशात असते. बाहेरून घातलेले तेल पडद्यापाशीच थांबते. पडदा शाबूत असेल तर ते मध्यकर्णात पोहोचतच नाही. पडदा फाटलेला असेल तर मात्र ते आत उतरते आणि तेथील जखमेत बाहेरची घाण घेऊन जाते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात नित्य कर्णतर्पणाची महती आहे, हे खरेच. पण तेथे उल्लेख आहे तो वातजन्य कर्णरोगांचा, आणि विषय आहे निरोगी माणसाच्या दिनचर्येचा. सर्दीने कफ दाटलेल्या बालकाच्या कानाला तो आधार लावणे म्हणजे ग्रंथावरच अन्याय करणे होय. सुश्रुतांनी अठ्ठावीस कर्णरोग सांगितले. नुसत्या शूलासाठी लसूण, आले, शेवगा यांचा कोमट रस त्यांनी सुचवला आहे. वाहत्या कानाच्या प्रकरणात मात्र पुसून घेणे, धुणे, धूपन, शिरोविरेचन, पूरण असे अनेक उपाय देऊन ते पाहून-पाहून योजावेत, असे त्यांनी बजावले आहे. प्रश्न असा की, रात्री दोन वाजता घरात कान पाहणार कोण? आतला पडदा शाबूत आहे की नाही, हे दुर्बिणीवाचून कळत नाही. म्हणून वैद्याने किंवा डॉक्टरने कान पाहिल्यावाचून त्यात लसणाचे तेल, कांद्याचा रस, तुळशीचा रस, आईचे दूध यांपैकी काहीही घालू नये. रुईचा चीक तर कानाच्या आसपासही नेऊ नये; त्याने कातडी भाजते आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. पावसाळी दमट हवेत तेलकट कानात बुरशी वाढते, ही आणखी वेगळी व्याधी.

या वनस्पतींत गुण नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. इस्रायलमधील डॉक्टरांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५ ते १८ वर्षांच्या १७१ मुलांचे कान तपासून काहींना लसूण व अन्य वनस्पतींचे तेल दिले. वेदना कमी झाल्या. मात्र त्याच अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदवले की, सुमारे ऐंशी टक्के आराम केवळ काळ लोटल्यामुळे पडला. घरोघरी लसणाच्या तेलाला जे श्रेय मिळते, त्याचा मोठा वाटा या काळाचा आहे!

मग घरात करावे तरी काय? ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून, आधी स्वतःच्या मनगटावर लावून पाहावी आणि कानाच्या बाहेरून, कानामागे हलका शेक द्यावा. मुलाचे डोके उशीने थोडे उंच ठेवावे. नाक चोंदले असेल तर मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब नाकात घालावेत. वेदनेसाठी वजनाप्रमाणे ठरवून दिलेले पॅरासिटामॉल द्यावे. नैसर्गिक उपचारांच्या आग्रहापायी मुलाला रात्रभर कळवळत ठेवण्यात पुरुषार्थ नाही. मध चाटवायचा असेल तर तो वर्षावरील मुलालाच.

आणि खरा नैसर्गिक उपाय तर दुखणे येण्याआधीच सुरू होतो. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध घेणाऱ्या बाळाला कर्णविकार कमी होतात. बाळाला आडवे झोपवून तोंडात बाटली देऊ नये. घरात विडी-सिगारेटचा धूर नको. येथे एक अप्रिय गोष्टही बोलली पाहिजे. न्हाणीनंतर ओवा-वावडिंगाची जी धुरी दिली जाते, तीही धूरच आहे आणि इवल्या श्वासनलिकेला तिची ओळख नाही. आजीबाईंना हे पटवणे कठीण जाईल. पण ओवा पुरचुंडीत बांधला तर त्यांचा मानही राहतो. न्युमोकोकस जंतूवरील लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर सार्वत्रिक लसीकरणात आली. ती बालकाला मोफत मिळते आणि चुकवू नये.

कान वाहू लागला तर काय करावे? आरोग्यसेविकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणात याचे उत्तर आहे. स्वच्छ, मऊ, पाणी शोषणाऱ्या सुती कापडाची वात वळावी, हलकेच कानात ठेवावी, भिजली की काढून नवी ठेवावी आणि वात कोरडी निघेपर्यंत असे करावे. दिवसातून किमान तीन वेळा. मधल्या वेळात तेल किंवा कोणताही द्रव कानात घालू नये, आंघोळीचे पाणी जाऊ देऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सुश्रुतांचे प्रमार्जन आणि आजची ही वात यांत अंतर फारसे नाही. काडेपेटीची काडी, केसांची पिन व कानकोरणे यांना मात्र दोन्हींकडे जागा नाही.

दोन वर्षांवरील मूल एरवी हसतेखेळते असेल तर डॉक्टर पुष्कळदा दोन-तीन दिवस वाट पाहतात, लगेच प्रतिजैविक देत नाहीत. त्यात त्यांची हयगय नसते. दिलेले प्रतिजैविक मात्र पूर्ण संपवावे. सहा महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत वाट पाहण्याचा प्रश्नच नाही. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला, चेहरा एका बाजूला वाकडा झाला, मान ताठली, मूल गुंगीत गेले किंवा सारखे ओकू लागले, तर एक क्षणही घरी दवडू नये.

ठणका थांबल्यावरही कित्येक मुलांच्या कानात द्रव आठवडेच्या आठवडे राहतो. तो दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मूल हाक मारल्यावर वळत नाही, दूरदर्शनचा आवाज वाढवते, वर्गात मागच्या बाकावर गप्प बसते, आणि शिक्षक त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतात. वारंवार कान दुखलेल्या मुलाची श्रवणचाचणी करून घ्यावी. तोपर्यंत शाळेत सांगून त्याला पहिल्या बाकावर बसवावे.