अमली पदार्थांचे नियंत्रण आणि गावची शाळा
(प्राथमिक शिक्षकांच्या संमेलनासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांगली जिल्ह्यातील कवठेमहांकाळ तालुका हा पिढ्यानुपिढ्या दुष्काळाशी झुंजत आलेला मुलूख आहे. या तालुक्यात इरळी नावाचे एक लहानसे गाव आहे. मार्च २०२४ मध्ये मुंबई पोलिसांनी या गावाच्या शिवारातील एका ठिकाणी छापा घातला, तेव्हा तेथे मेफेड्रोन नावाचे रासायनिक अमली द्रव्य तयार होत असल्याचे उघडकीस आले आणि १२० किलोहून अधिक माल हाती लागला. या तपासाचा धागा मुंबईतील कुर्ला येथे पकडलेल्या अर्ध्या किलोहून थोड्या अधिक मालापासून निघाला होता. त्याच्या एक महिना आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत असाच कारखाना शोधून काढला होता. त्याचा माल कुपवाड येथे साठविलेला आढळला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे येथील औद्योगिक वसाहतीत सांगली पोलिसांनी कारवाई करून सुमारे १४ किलो मेफेड्रोन जप्त केले. डिसेंबर २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्यात, सावरी गावाच्या परिसरात, मुंबई पोलिसांचा छापा पडला.

ही चार नावे एकापाठोपाठ उच्चारली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. अमली पदार्थ हे मोठ्या शहरांचे, बंदरांचे आणि धनिकांच्या मुलांचे दुखणे आहे, अशी जी समजूत खेड्यापाड्यांत होती, तिला आता आधार उरलेला नाही. एकेकाळी उत्तर सातारा व दक्षिण सातारा या नावांनी ओळखल्या गेलेल्या या दोन जिल्ह्यांतील आडवळणाचे शिवार, बंद पडलेले शेड आणि कर्जाने गांजलेला जमीनमालक यांच्यावर आता या व्यापाराची नजर आहे. यास्तव या विषयाची समग्र माहिती गावच्या शिक्षकाला असणे अगत्याचे झाले आहे.

अमली पदार्थांचा प्रश्न नवा नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे, आणि त्या व्यापाराच्या नफ्यावर मुंबईतील अनेक पेढ्या उभ्या राहिल्या. अफूच्या व्यापारासाठी इंग्रजांनी चीनशी १८३९ ते १८४२ व १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे केली. त्याच मुंबईत, गिरणीत कामाला जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना निजवून ठेवण्यासाठी अफूची बाळागोळी देत असत. नफा एकाचा आणि गुंगी दुसऱ्याच्या लेकराला, हा या व्यापाराचा स्वभाव तेव्हापासूनचा आहे.

या व्यापारास आळा घालावयाचा तर एका राष्ट्राचे बळ पुरे पडत नाही, हे जगाला हळूहळू उमगले. १९०९ साली शांघाय येथे अनेक राष्ट्रांचे प्रतिनिधी प्रथम एकत्र बसले. १९१२ साली हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाल्यावर १९४६ साली अमली पदार्थ आयोग नेमण्यात आला, आणि १९६१ साली पूर्वीचे निरनिराळे करार एकत्र करून एकच सर्वसमावेशक करार करण्यात आला. या कराराचे तत्त्व सोपे आहे. अफूसारख्या द्रव्यांची वैद्यकाला गरज आहे. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला मॉर्फिन मिळालेच पाहिजे. म्हणून औषधापुरते उत्पादन परवान्याने व मोजमापाने व्हावे, आणि त्याबाहेरचे सारे बंद व्हावे. आजही भारतात मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील ठरावीक भागांतच, केंद्र सरकारच्या परवान्याने, अफूची कायदेशीर लागवड होते. महाराष्ट्रात अशी परवानगी नाही.

१९७१ च्या करारात कारखान्यांत तयार होणारी मनावर परिणाम करणारी द्रव्ये आणली गेली. १९८८ च्या करारात तस्करी, तिच्यातून मिळणारा पैसा, आणि ही द्रव्ये बनविण्यासाठी लागणारी मूळ रसायने यांच्यावर नियंत्रण आले. हे शेवटचे कलम या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. गांजा शेतात उगवतो, अफू बोंडातून पाझरते. मेफेड्रोनला शेत लागत नाही, पाऊस लागत नाही, हंगाम लागत नाही. काही पिंपे रसायने, थोडे ज्ञान आणि एक निर्जन जागा मिळाली की काम होते. म्हणून आज पिकापेक्षा पिंपावर लक्ष ठेवणे अधिक गरजेचे झाले आहे.

भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेये व आरोग्यास अपायकारक अमली द्रव्ये यांच्या सेवनास बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. आंतरराष्ट्रीय करारांना अनुसरून संसदेने १९८५ साली अमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम केला आणि १९८६ साली अमली पदार्थ नियंत्रण विभाग स्थापन झाला. मेफेड्रोन हे प्रारंभी या कायद्याच्या यादीत नव्हते. २०१५ साली ते यादीत घेण्यात आले. पन्नास ग्रॅमहून अधिक मेफेड्रोन हे व्यापारी प्रमाण मानले जाते, आणि त्यासाठी दहा ते वीस वर्षांची सक्तमजुरी व किमान एक लाख रुपये दंड आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली अमली पदार्थविरोधी कृती दलाची स्थापना केली. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समन्वय समिती काम करते.

या कायद्यातील चार तरतुदी शिक्षकाने आवर्जून लक्षात ठेवाव्यात.

पहिली अशी की, आपली जागा अशा कामासाठी वापरली जात आहे हे जाणूनबुजून जो ती वापरू देतो, तोही शिक्षेस पात्र होतो. शेड भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक नसते. भाडे नेहमीपेक्षा अनेक पटींनी अधिक मिळत असेल, भाडेकरू परका असेल, काम रात्रीच चालत असेल आणि उग्र दर्प येत असेल, तर ‘आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून चालत नाही.

दुसरी अशी की, अफू, गांजा यांची बेकायदा लागवड दिसल्यास ती कळविणे हे जमीनधारकाचे, तसेच सरपंच, पंच व गावकामगारांचे कायदेशीर कर्तव्य आहे. ऊस किंवा हळद यांच्या उभ्या पिकाआड गांजाची चार झाडे लावली तर कोणाला दिसणार, हा हिशेब चुकीचा आहे.

तिसरी अशी की, गुन्हा शाळेत अथवा शाळेच्या लगतच्या परिसरात घडला, तर शिक्षा ठरविताना न्यायालय ती बाब अधिक गंभीर मानू शकते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार बालकाला अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्यास, तसेच बालकाकरवी अशा मालाची ने-आण करून घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांची विक्री करण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. ज्या टपरीवर आज मावा मिळतो, त्या टपरीवर उद्या काय मिळेल याचा विचार शाळेने आजच करावयास हवा.

चौथी तरतूद सर्वांत मोलाची आहे. अल्प प्रमाणात सेवन करणारी व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने उपचार घेण्यास पुढे आली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. मात्र उपचार पुरे करावे लागतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने विकणारा आणि व्यसनात अडकलेला हे एक नव्हेत. गावाच्या दृष्टीनेही ते एक असता कामा नयेत.

येथवर शासनाचे व राष्ट्रांचे प्रयत्न पाहिले. ते पुरेसे आहेत काय, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगातील सुमारे ३१ कोटी ६० लाख लोकांनी कोणत्या ना कोणत्या अमली पदार्थाचे सेवन केले. एक कारखाना बंद पडतो, दुसरा दूरच्या वाडीत उभा राहतो. छापे अत्यावश्यक आहेत, पण छापा पडतो तो विष तयार झाल्यानंतर. विष घेणारा हातच पुढे येऊ नये, हे काम पोलिसांचे नाही. ते घराचे आणि शाळेचे आहे.

प्राथमिक शाळेतील लहान मुलांशी याचा संबंध काय, असे काहींना वाटेल. केंद्र शासनाने करून घेतलेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत एक गोष्ट आढळली. हुंगण्याच्या पदार्थांचे, म्हणजे पंक्चरचे द्रावण, खोडद्रव, रंगाचे पातळ करण्याचे द्रव यांसारख्या वस्तूंचे, सेवन प्रौढांमध्ये ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांमध्ये १.१७ टक्के होते. पाहिलेल्या पदार्थांत हा एकच प्रकार असा होता, ज्यात मुले मोठ्यांच्या पुढे होती. या वस्तू सायकलच्या दुकानात मिळतात. त्यांना तस्कर लागत नाही. दहा वर्षांचे मूल पाचवीत असते. म्हणजे हा प्रश्न शाळेच्या दाराबाहेर थांबलेला नाही.

तेव्हा शिक्षकाने काय करावे? प्रथम, पाहावे. नेहमी हजर असणारे मूल वारंवार गैरहजर राहू लागले, वर्गात पेंगू लागले, कपड्यांना द्रावणाचा वास येऊ लागला, घरच्या वस्तू नाहीशा होत असल्याची तक्रार पालक करू लागले, तर त्याची नोंद मनात घ्यावी. यांतील एकेका लक्षणाचे दुसरेही कारण असू शकते. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे उठून काम करणारे मूल वर्गात पेंगतेच. म्हणून निष्कर्ष काढण्यापूर्वी घर पाहावे.

दुसरे, मुलाला चोर ठरवू नये. प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे करून दप्तर तपासणे, नाव कमी करण्याची धमकी देणे, यांनी मूल शाळेपासून तुटते. आणि शाळेपासून तुटलेले मूल ज्यांना हवे असते, ते बाहेर वाट पाहतच असतात. एकांतात, पालकांना विश्वासात घेऊन, शांतपणे बोलावे. गरज वाटल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे अथवा व्यसनमुक्ती केंद्राकडे पाठवावे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभी केलेली परिवर्तन संस्था आणि पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण यांनी, व्यसन हा आजार आहे व त्यातून माणूस बाहेर येऊ शकतो, हे महाराष्ट्राला पटवून दिले. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि अडचणीतील बालकांसाठी १०९८.

तिसरे, शिक्षकाने स्वतः तपास करू नये. शिवारातील संशयास्पद जागेची पाहणी करण्यास जाणे, कोणाला हटकणे, मुलांकडून बातम्या काढून घेणे हे धोक्याचे आहे. त्यासाठी २०२४ साली सुरू झालेला १९३३ हा राष्ट्रीय क्रमांक आहे. तेथे नाव न सांगता माहिती देता येते. गावात राहून, रोज त्याच रस्त्याने शाळेत जाणाऱ्या शिक्षकाला भय वाटणे स्वाभाविक आहे. ते भय लक्षात घेऊनच ही सोय केलेली आहे.

चौथे, मुलांना भीती दाखविणाऱ्या चित्रांपेक्षा ‘नाही’ म्हणण्याचा सराव द्यावा. मोठा मुलगा आग्रह करतो, लहान मुलगा नकार देतो, असा पाच मिनिटांचा संवाद वर्गात करून घेतला तरी पुष्कळ काम होते. पदार्थांची नावे व त्यांचे वर्णन रंगवून सांगू नये. त्याने कुतूहल वाढते. खेळ, भजन, बालवाचनालय, शाळेची बाग यांत मूल रमले की अर्धी लढाई जिंकली जाते. आणि ज्या शिक्षकाच्या खिशात तंबाखूची डबी आहे, त्याच्या उपदेशाचे काय होते, हे वेगळे सांगावयास नको.

या भूमीला असे काम नवे नाही. १९४२ च्या लढ्यानंतर सातारच्या प्रतिसरकारने परकीय सत्तेशी झुंज देत असतानाच गावोगावी दारूबंदीचाही आग्रह धरला होता. पुढे याच महाराष्ट्रात स्त्रियांनी मतदान करून गावातील दारूची दुकाने बंद केली. गावाने मनावर घेतले तर काय घडते, याचे हे दाखले आहेत.

दरवर्षी २६ जून रोजी अमली पदार्थविरोधी दिन पाळला जातो. तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. त्या दिवशी प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, अहवाल पाठविला जातो. हे सारे व्हावे. परंतु फेरी संपल्यावर गेले दोन दिवस रिकाम्या असलेल्या बाकाकडे शिक्षकाचे लक्ष जावे आणि त्याच संध्याकाळी त्याने त्या मुलाच्या घराची पायरी चढावी. हेग व व्हिएन्ना येथे झालेल्या करारांचे सार्थक शेवटी त्या पायरीवर होते.