ज्याची जागा त्याने निवडावी



शताब्दीच्या या मंगल प्रसंगी आपण मला बोलावयास सांगितलेत, याबद्दल मी ऋणी आहे. वर्गातील बैठकव्यवस्था हा माझा विषय येथे कदाचित अप्रस्तुत वाटेल. परंतु आपल्या बडोद्यातील ज्येष्ठ सभासदांना स्मरत असेल की, एकेकाळी पुस्तके कुलूपबंद कपाटांत असत. चिठ्ठी द्यावी आणि कारकुनाने पुस्तक आणून द्यावे, अशी रीत होती. कपाटे खुली झाली तेव्हा वाचक बिघडला नाही. उलट तो वाढला.

शिक्षणाच्या इतिहासातही असेच एक कपाट आहे. रोममधील सान लोरेंझो वस्तीत 6 जानेवारी 1907 रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांचे बालगृह सुरू झाले. तेथील साहित्य कपाटात बंद असे आणि शिक्षिका ते वाटून देत असे. एके दिवशी कपाट उघडे राहिले व मुलांनी हवे ते साहित्य स्वतःच काढून घेतले. शिक्षिकेला ती चोरी वाटली. माँटेसरींना मात्र त्यात मुलांची निवड दिसली. पुढे त्यांनी मुलांच्या हाताला येतील अशी ठेंगणी कपाटे करविली. एका जागी खिळलेली बाके त्यांना मान्य नव्हती. मुलाला स्वतः हलवता येतील अशी हलकी टेबले-खुर्च्या त्यांनी पसंत केली. धक्का लागून खुर्ची पडली, तर तिचा आवाजच मुलाला सावधपणे वावरण्यास शिकवील, असा त्यांचा विचार होता.

यासाठी श्रीमंती लागते, असा आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर ताराबाई मोडकांनी दिले आहे. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केल्यावर त्यांनी 1945 साली बोर्डीस बालशिक्षणाचे केंद्र उभारले आणि 1957 साली त्या कोसबाडला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथे बालवाडी वस्तीच्या अंगणात भरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर गेली. शिंपले, बिया, खडे हेच साहित्य झाले.

आता एक कबुली देतो. मी अनेक वर्षे हजेरीच्या क्रमाने मुले बसवीत असे. शेवटच्या बाकावरील एक मुलगी फळ्यावरचे नेहमी चुकीचे उतरवून घेई. मी तिला निष्काळजी म्हणून बोल लावले, उभेही केले. एका वर्षी सहज म्हणून आठवडाभर जागा निवडण्याची मुभा दिली. ती पहिल्याच दिवशी फळ्यासमोर येऊन बसली आणि तिच्या चुका थांबल्या. तिला दूरचे दिसत नव्हते. जे तिला माझ्यापुढे बोलून दाखवता आले नाही, ते तिने जागा निवडून सांगितले होते.

त्याच आठवड्यात खिडकीजवळच्या जागा दांडग्या मुलांनी बळकावल्या, हेही सांगितले पाहिजे. मग वर्गाने बसून नियम ठरविला : दर सोमवारी जागा बदलावी, ज्याला दिसण्या-ऐकण्याची अडचण असेल त्याने प्रथम निवडावे, दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणील त्याची निवड त्या आठवड्यापुरती जावी. नियम त्यांचाच असल्याने तो पाळलाही गेला. स्वातंत्र्य दिले म्हणजे शिक्षकाचे काम संपते असे नाही. त्याला अधिक डोळसपणे पाहावे लागते.

दुसऱ्या शतकात पदार्पण करणाऱ्या या संस्थेला माझी एकच विनंती आहे. बालविभागातील फळ्या मुलांच्या उंचीच्या असाव्यात, आणि सतरंजी, पायरी वा खुर्ची यांपैकी कोठे बसून वाचावे, हे मुलाने ठरवावे. आपण शांतपणे पाहत राहावे. मूल पुष्कळ काही सांगत असते.